पाठीवरची पट्टी
मुनिबा दिवसेंदिवस जास्त गुंगत चालली होती, आणि तिच्या नवऱ्याचा, राहिलचा, संशय हाफिजा आपांवर होता.

कॅन्सर मणक्यात उतरल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला दुखण्यावरची पट्टी दिली. ती पाठीवर चिकटवायची, औषध कातडीतून हळूहळू आत जायचं. राहिल दिवसभर ऑफिसात, म्हणून मुनिबाची थोरली बहीण, हाफिजा आपा, रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर आली होती. आपांना बहिणीचं कण्हणं ऐकवत नसे. एकदा त्या म्हणाल्या, "अर्धी गोळी जादा दिली तर काय बिघडतं?" ते वाक्य राहिलच्या डोक्यातून जाईना.

त्याने गोळ्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. आपांनी ते पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. ते गप्प राहणंही त्याला खटकलं. वेळेची गोळी तेवढी तो मोजून बाहेर ठेवी. तरी मुनिबाची जीभ जड होतच राहिली. मग तो आपांची बॅग चाचपू लागला, कचऱ्याची पिशवी उलगडून पाहू लागला. हाती काही लागलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, बाई फारच सावध आहे.

एका रविवारी आपा शारजाला मामेबहिणीकडे गेल्या. घरात तो आणि मुनिबाच. दुपारी ती कण्हू लागली तेव्हा तो रोज संध्याकाळी करी तेच त्याने केलं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीखाली सरकवली. ती झोपली. असरच्या नमाजाच्या सुमाराला त्याने हाक मारली तर तिने डोळे उघडले नाहीत. छाती मोठ्या अंतराने हलत होती, ओठ निळसर दिसत होते.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात नर्सने सगळ्यात आधी पाठीवरची पट्टी काढली. तिथली कातडी लाल झाली होती. तिने हिंदीत विचारलं, शेक दिला होता का. राहिलने हो म्हटलं. उष्णतेने पट्टीतलं औषध एकदम अंगात उतरतं, श्वास बंद पडू शकतो, ती म्हणाली. हे पट्टी देताना सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. त्या वेळी तो कॉरिडॉरमध्ये ऑफिसचा कॉल घेत होता, आणि परत येऊन त्याने नुसती मान डोलावली होती.

उतारा दिल्यावर मुनिबाचा श्वास सुधारला. डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.

आपा धावत आल्या. राहिलने त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पिशवीचं, कपाटाचं, त्यांची बॅग तपासल्याचंही.

"बॅगेचं मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "घड्या बदललेल्या असायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी दुपट्टा सारखा केला. "तू कामावरून आलास की ती जास्त गुंगायची. किल्लीही तुझ्याकडेच. मला वाटायचं, तूच कंटाळून तिला काहीतरी देतोस."

आठवडेच्या आठवडे दोघं एकाच टेबलावर जेवले होते.

मुनिबा शुद्धीवर आल्यावर नर्सने एकालाच आत सोडलं. राहिलने आपांना पुढे केलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथूनच त्याला म्हणाल्या, "तू जा. ती तुझंच नाव घेतेय."