बऱ्या झालेल्यांचा खांब

मित्रांनो, मी साखरखेर्ड्याच्या मोतीराम वैद्यांच्या ओसरीतला एक जुना सागवानी खांब आहे. सुताराने तासले तेव्हा माझे अंग गुळगुळीत होते. आता ते समोरून पितळी खिळ्यांनी भरले आहे. वैद्य गाठींवर पाल्याचा लेप देतात. ज्याची गाठ जिरते, तो माझ्यात एक खिळा ठोकून जातो. गळवे, दुधाच्या गाठी आपोआपही जिरतात. पण खिळा त्यांचाही बसतो. लोक माझ्या पाया पडतात.

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, तेव्हाची गोष्ट. तुळशीराम आपल्या बायकोला, झुंबरबाईला, गाडीत घालून घेऊन आला. सोबत तिची थोरली बहीण मनकर्णाबाई होती. झुंबरबाईच्या छातीत दगडासारखी गाठ होती. चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितले होते की हा कॅन्सर दिसतो, नागपूरला नेऊन लवकर कापून काढा. वाचेलच अशी हमी नाही, पण वाट पाहू नका.

"डाक्तर म्हणते हमी नाही," तुळशीराम म्हणाला, "अन् इथं पाहा, खांबाले जागा नाही उरली!"

मनकर्णाबाई मला निरखत होती. "जवाईबुवा, ज्या बऱ्या नाही झाल्या, त्याईचे खिळे कुठी हायेत?"

"घ्या! मेलेलं माणूस खिळा ठोकाले येते का व, बाई?"

सगळे हसले. झुंबरबाईसुद्धा पदराआड हसली. उत्तर तुळशीरामच्याच तोंडून निघाले होते, पण कुणीच ते ऐकले नाही. मी ओरडणार कसा? खांबाला तोंड नसते.

लेप सुरू झाला. तुळशीरामने खिळा आधीच आणून ठेवला. गाठ फुटली, काखेत दुसरी आली. मग नागपूरला नेले, तेव्हा फार उशीर झाला होता.

कापूस वेचणीला आला तेव्हा तुळशीराम एकटाच आला. "वैद्यबुवा, तिच्या नावानं ठोकू द्या. मांगच्या अंगाले, कोणाले दिसनार नाही."

"नाही, बापू. हा बऱ्या झालेल्याइचा खांब हाय."

भिंतीकडच्या माझ्या कोऱ्या अंगावर तो हात फिरवत राहिला. ओसरीत एक बाई छातीशी पदर दाबून बसली होती. त्याच्या हातातला खिळा पाहून तिचे डोळे उजळले.

"दादा, तुमचं माणूस बरं झालं ना?"

तुळशीरामने खिळा मुठीत झाकला. तो तसाच पायऱ्या उतरून गेला, आणि बाईने लेपासाठी पदर सरकवला.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. माझे खिळे पाहून कुणी भुलले, तर त्याला हाताला धरून माझ्या मागच्या बाजूला आणा. तिथे काहीच नाही. तेच त्याला दाखवा.