मिस्त्रींनी न बघितलेले चाक

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण माझ्यावर आजवर कोणी बसलेले नाही. मला हवा लागत नाही की वंगण लागत नाही. मी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वेबसाइटवर राहते.

मी फोटो नाही. मी एसव्हीजी आहे, म्हणजे शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेले चित्र. इथे मध्य धरून एवढा गोल काढ, इथून तिथपर्यंत रेघ ओढ, असे लिहून ठेवले की ब्राउझर ते वाचून मला उभी करतो. म्हणून मला कितीही मोठे केले तरी मी धूसर होत नाही. माझे रंग आणि माझी चाल मात्र वेगळ्या फाइलमध्ये असतात. तिला सीएसएस म्हणतात. तिथे एक शब्द बदलला की माझी हिरवी दांडी लाल होते.

दुकान मिस्त्रींचे. मला घडवले त्यांच्या बायकोने. मी तिला बाई म्हणते. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला. दुकानामागच्या खोलीत बसून, लेकीला फोनवर विचारत विचारत, बाई हे सगळे शिकली. भाजी निवडून झाली की ती मला उघडून बसायची.

आधी तिने मला नुसती उभी केली. मग माझे मागचे चाक फिरवायला घेतले आणि फजिती झाली. एसव्हीजीमध्ये मध्य कुठला ते सांगितले नाही, तर चाक स्वतःभोवती न फिरता चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती फिरते. माझे चाक मला सोडून निघाले, पानाबाहेर गेले आणि पुन्हा भटकत परत आले. मिस्त्री हात पुसत आत आले होते. ते बघून त्यांना हसू आवरेना.

"असं चाक मी बसवलं तर गिऱ्हाईक मलाच त्याच्यामागे पळवेल," ते म्हणाले. "आधी मध्य धर की."

पण हसता हसता ते भिंतीला टेकून खालीच बसले. पडद्यावर काही गरगरले की त्यांना चक्कर यायची. दिवसभर खरी चाके फिरवून काही होत नाही आणि चित्रातल्या चाकाने नवरा आडवा होतो, म्हणून बाईने त्यांची पुष्कळ टिंगल केली. मग लिंबूपाणी दिले.

त्याच संध्याकाळी तिने त्यांच्या फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय चालू केली. माझ्या सीएसएसमध्ये तिने चाकाचा मध्य चाकातच धरला. आणि खाली एक नियम लिहिला, की ज्याच्या फोनवर ही सोय चालू असेल, त्याला चाक स्थिर दिसावे. मिस्त्रींना त्यातले काही सांगितले नाही. तेही तेव्हापासून पडद्याकडे बघायचे टाळू लागले.

पुढे बाई आजारी पडली. उशाला टेकून, पोटावर लॅपटॉप ठेवून ती माझ्या आऱ्या एकेक करून नीट करायची. घंटीवर बोट नेले की ती सोनेरी व्हावी, हेही तिने तेव्हाच जमवले. एके दिवशी पान पूर्ण झाले. तिने आतून हाक मारली.

"अहो, तुमच्या फोनवर आपलं पान उघडा ना. चाक कसं दिसतंय ते सांगा."

मिस्त्री एका चाकाचा आऊट काढत होते. म्हणजे वाकडे झालेले चाक आऱ्या कसून सरळ करत होते. कडेला अंगठ्याचे नख धरायचे, चाक फिरवायचे, नखाला कुठे घासते ते बघायचे, अशी त्यांची पद्धत. स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी दुकानातून एकही चाक बाहेर जाऊ दिले नव्हते. त्यांचा फोन खिशातच राहिला.

"झकास फिरतंय गं," ते बाहेरूनच म्हणाले.

बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. त्यानंतर तिने तो उघडला नाही. ती गेली, तेव्हाही तो तसाच मिटलेला होता.

ती गेल्यावर मिस्त्रींनी मला पहिल्यांदा फोनवर उघडले. मी स्थिर उभी होते. त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडले, फोन हलवून पाहिला. त्यांना वाटले, बाईचे काम अर्धवट राहिले. आपण फिरतंय म्हणालो, म्हणून तिने पुढे हात लावला नाही. मित्रांनो, हा माणूस तेव्हापासून जेवता जेवता घास हातात धरून थांबायचा. गिऱ्हाइके म्हणायची, तुमच्या पानावरची सायकल छान फिरते. त्यांना वाटायचे, लोक आपल्याला बरे वाटावे म्हणून बोलतात. एकच गोष्ट ते मनाशी धरून होते. खोटे का होईना, ऐकून ती समाधानाने तरी गेली असेल.

सुट्टीत लेक आली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे फोन ठेवला. "तुझ्या आईचं चाक अडकलंय. तेवढं चालू करून दे. मी तिला फिरतंय म्हणून सांगितलं होतं."

लेकीने स्वतःचा फोन काढला. तिथे माझे चाक गुळगुळीत फिरत होते. तिने दोन्ही फोन शेजारी ठेवले, लॅपटॉप उघडून माझी सीएसएस वाचली आणि मग वडिलांच्या फोनमधली सोय तपासली.

"बाबा, अडकलेलं नाही. आईनेच थांबवलंय. तुम्हाला चक्कर येऊ नये म्हणून. तुमच्या फोनवर ते फिरणारच नव्हतं."

मिस्त्रींनी आपला फोन उचलून थांबलेले चाक पुन्हा बघितले.

"म्हणजे तिला कळलं," ते म्हणाले.

"काय कळलं?"

"मी बघितलं नव्हतं ते."

लेकीने मान खाली घातली. तुमच्या फोनवरही चालू करून देऊ का, असे तिने हळूच विचारले. ते नको म्हणाले. तिने थांबवलंय तर थांबलेलंच राहू दे, म्हणाले. मग त्यांनी लेकीचा फोन मागून घेतला. डोके गरगरत असावे, कारण एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली होती. पण नजर हटवली नाही. अंगठ्याचे नख त्यांनी काचेवर, माझ्या चाकाच्या कडेला टेकवले आणि चाक फिरताना बघत राहिले. ते कुठेही नखाखाली गेले नाही की नखापासून दूर सरकले नाही.

"आऊट नाही," ते म्हणाले. "जरासुद्धा नाही."

हे ऐकायला बाई तिथे नव्हती. मी होते, पण मला कान दिलेत तरी तोंड दिलेले नाही. ती काय म्हणाली असती, ते मी त्यांना सांगू शकले नाही.

मित्रांनो, मला तुमच्याकडून तेल नको, पाणी नको. घरातले कोणी स्वतः केलेले काही दाखवायला हाक मारेल, तेव्हा हातातले काम खाली ठेवा. छान म्हणू नका एक वेळ, चूक काढा हवी तर. पण आत जा आणि बघा.