क्रेनला टांगलेली म्हैस

मी एक चित्रांचं पुस्तक बोलतोय. छापलेलं नाही, हाताने काढलेलं. माझी सोळा पानं होती, आता तेरा उरली आहेत. मी दुकानात कधी गेलो नाही, काचेच्या कपाटात कधी उभा राहिलो नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. तुमच्याशी मी तुमच्या पुस्तकी मराठीत बोलतोय, कारण तुम्ही पाहुणे. माझ्या पानांवरची भाषा मात्र वेगळी आहे आणि ती वेगळीच राहणार.

माझा जन्म अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात भिलाईला झाला. तेव्हा तिथे जिकडेतिकडे खोदलेली जमीन होती आणि लाल धूळ होती. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि तो उभारणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. अशाच एका खोलीत श्यामराव, त्याची बायको भागीरथा आणि त्यांची सात वर्षांची रंभा पवनीजवळच्या गावाहून आले होते. श्यामराव नकाशांच्या ऑफिसात होता. नकाशे गुंडाळून ठेवायचे आणि साहेब मागतील तिथे नेऊन द्यायचे, हे त्याचं काम.

रंभाला भिलाई मुळीच आवडली नाही. पत्रा तापतो, टँकरचं पाणी कोमट लागतं, इथे वैनगंगा नाही, आंब्याचं झाड नाही. डोळे उघडल्यापासून तिची कुरकुर सुरू व्हायची. तीन दिवस ती धड जेवली नाही. भागीरथाने समजावलं, रागावली, एकदा पाठीत धपाटाही घातला. उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता तिने एका म्हशीची गोष्ट सुरू केली.

ती म्हैस रंभासारखीच होती. डबक्यातलं पाणी गरम, गवत चरबट, शेपूट आखूड. कावळ्यासारखं बसायला पाहिजे म्हणून ती फांदीवर चढली, तर फांदीच मोडली. मग तिला कारखान्याची क्रेन दिसली. तिने हट्ट धरला, ‘मले अशीच उच्ची मान पायजे.’ क्रेनवाल्याने तिच्या पोटाखाली पट्टा बांधला आणि तिला उचललं. म्हैस आभाळात. चारी पाय लोंबकळतायत, सगळी भिलाई खाली उभी राहून बघतेय. तिथून तिला एक गार, काळा, मऊ चिखल दिसला. त्यात कोणीच बसलेलं नव्हतं. किती नशीबवान जनावर असेल ते, असं तिला वाटलं. मग तिने नीट पाहिलं आणि ओरडली, ‘अरे, थो तं माह्यावालाच चिखल होय.’

रंभा हसली. हसता हसता तिने ताट ओढलं.

श्यामरावाचा हात चित्रात चांगला होता. ऑफिसात रद्द झालेले निळे नकाशे पडून असायचे. साहेबांना विचारून त्याने काही घरी आणले, निळ्या बाजू आत घेऊन खळीने चिकटवले आणि कोऱ्या पाठींवर चित्रं काढली. म्हणजे माझ्या पोटात अजूनही भट्ट्या आणि पूल आहेत. चित्रांखाली लिहायची वेळ आली तेव्हा त्याने भागीरथाला बोलायला सांगितलं. तिला अक्षरओळख नव्हती. ती जशी बोलली तसं त्याने लिहिलं. मग तिने दाभण आणि सुतळी घेऊन मला शिवलं.

पुढची दोन वर्षं मी फार जोरात जगलो. खोल्यांच्या रांगेतली पोरं माझ्याभोवती जमायची. कोणी तेलुगू बोलायचं, कोणी छत्तीसगढी, कोणी हिंदी. रंभा वाचायची, आणि क्रेनचं पान आलं की सगळी एकदमच हसून लोळायची. माझ्यावर वरण सांडलं. शेजारच्या तान्ह्या पोराने माझी तीन पानं चघळून संपवली. तुमच्यातले काही जण पुस्तकाला कव्हर घालून ठेवून देतात आणि त्याला प्रेम म्हणतात. माझ्यावर कोणी असलं प्रेम केलं नाही.

साठ साली माझी सुतळी सैल झाली. श्यामरावाने मला दुरुस्तीसाठी ऑफिसात नेलं. तिथे विजयकुमार साहेबांनी मला पाहिलं आणि बायकोला दाखवायला घरी नेलं. कमलिनीबाई नागपूरच्या, शिकलेल्या. खोटं कशाला सांगू, त्या मला वाचून पोट धरून हसल्या. पण मग त्यांनी पेन्सिल घेतली.

रविवारी दुपारी त्या मला घेऊन स्वतः खोलीवर आल्या. भागीरथाने खाटेवर चादर टाकली, चहा ठेवला. बाईंनी आनंदाची बातमी सांगितली. नागपूरला त्यांच्या ओळखीचा छापखाना होता, तिथे मी छापला जाणार होतो. फक्त थोड्या सुधारणा करायच्या होत्या. भाषा शुद्ध हवी. चिखलाऐवजी कमळांचं तळं बरं. क्रेनचं पान काढून टाकावं, जनावर असं टांगलेलं मुलांना बरं दिसत नाही. आणि शेवटी एक ओळ हवी, मुलांनो, मिळेल त्यात समाधान माना.

श्यामरावाची नोकरी अजून कायम झाली नव्हती. तो म्हणाला, बाई म्हणतील तसं. रंभाने माझी पानं उलटून पाहिली. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, आणि पहिल्या पानावर तर लाल शाईने ‘मले’ खोडून वर ‘मला’ लिहिलं होतं.

‘बाई, आमची म्हैस अशी नाही बोलत,’ ती म्हणाली.

‘मग कशी बोलते?’

‘मायसारखी बोलते.’

बाई हसल्या. पुस्तक छापून येणं हे केवढं नशीब, ते तिला मोठी झाल्यावर कळेल, असं म्हणाल्या. मला मात्र तेव्हाच सगळं कळत होतं, आणि माझा नुसता जळफळाट चालला होता. कोणी तरी बोला, असं मी मनात म्हणत होतो.

भागीरथा चुलीपाशी होती. काय बदललंय ते तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने बाईंना वाचून दाखवायला सांगितलं. बाईंनी छान वाचलं, स्वच्छ आवाजात. तळं, कमळं, समाधान. भागीरथाने शेवटपर्यंत ऐकलं. मग हात पुसत पुढे आली.

‘चांगली हाये,’ ती म्हणाली. ‘पण हे तुमची म्हैस होय, बाई. माही मले देऊन द्या.’

श्यामरावाने तिच्यावर डोळे वटारले. तिने पाहिलंच नाही. बाईंनी समजावलं की असल्या भाषेत छापखानेवाला घेणार नाही. भागीरथा म्हणाली, नाई तं नाई. आणि हात पुढे करून तशीच उभी राहिली.

मग बाईंनी रंभाकडे खोडरबर मागितलं आणि खाटेवर बसून पानापानावरची पेन्सिल स्वतः खोडली. लाल शाई निघाली नाही. मला भागीरथाच्या हातात देऊन, चहा अर्धाच ठेवून त्या गेल्या.

पंधरा दिवस श्यामराव बायकोशी बोलला नाही. आपल्याला काढून टाकतील, असं त्याला वाटत होतं. तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षी तो कायम झाला आणि आता सहासष्ट सालात सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहतो. घरात नळ आहे. रंभा पंधरा वर्षांची झालीय आणि नळाच्या पाण्यालाही नावं ठेवते.

भागीरथा गेल्या हिवाळ्यापासून बायकांच्या लिहा-वाचायच्या वर्गाला जाते. परवा दुपारी घरात कोणी नसताना तिने मला पिठाच्या डब्यावरून खाली काढलं. पहिल्या पानावर बोट ठेवलं. लाल अक्षरं ओलांडून बोट खालच्या खोडलेल्या शब्दावर गेलं. म. मग ल. मग मात्रा. ‘मले’, तिने वाचलं. पुन्हा वाचलं. दारात कोणी आहे का ते पाहिलं आणि स्वतःशीच हसली.

‘हे तं मीच बोलून राहिली,’ ती म्हणाली.

आज ती दुसऱ्या पानावर आहे. एकेका शब्दाला तिला बराच वेळ लागतो. अजून अकरा पानं बाकी आहेत. तोपर्यंत मला छापायला, सुधारायला किंवा वाचायला न्यायला कोणी येऊ नये. मी येणार नाही.