सगळेच करतात

धाकटीला ऑटिझम असू शकतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. काळजीने झाला असता तर गोष्ट वेगळी, पण हा निव्वळ हेवा होता. इतकी वर्षं घरात जिला तऱ्हेवाईक म्हणत, तिच्यासाठी आता टीव्हीचा आवाज कमी होई. पाहुणे आले की तिला आत बसू दे म्हणत आई स्वतः दार लोटून घेई. मग पाहुण्यांपुढे हसायला कोण? थोरली. ती शहाणी ना.

हे शहाणपण लहानपणीच तिच्या गळ्यात पडलं होतं. ताटात भाजी भाताला लागली म्हणून धाकटीने भोकाड पसरलं की आई तिला वेगळी वाटी द्यायची आणि थोरलीला म्हणायची, तू खा बाई, तू शहाणी आहेस. घशाखाली उतरत नसे, तरी थोरली खायची. आता तिचं केस कापायचं दुकान होतं आणि गप्पांमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

धाकटीच्या लहानपणाबद्दल विचारायला डॉक्टरीणबाईंनी घरातल्या कुणालातरी बोलावलं. आईचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून धाकटीबरोबर थोरली गेली. या लाडोबाचं पितळ आज उघडं पाडायचं, असं ठरवूनच गेली.

कपड्यांच्या आतलं लेबल हिला टोचायचं का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. टोचायचं, थोरली म्हणाली, पण त्यात काय विशेष? ते सगळ्यांनाच टोचतं. ती स्वतः अजून नवा कपडा आणला की आधी कात्री शोधते. मिक्सर लागला की कान झाकायची? सगळेच झाकतात, चारचौघांत झाकत नाहीत, इतकंच. समोरच्याच्या डोळ्यांत बघायची नाही? थोरलीला हसूच आलं. डोळ्यांत कोण बघतं? भुवयांच्या मध्ये बघायचं, कुणाला पत्ता लागत नाही.

"आणि लोकांशी गप्पा?"

"हिने कधी मेहनतच घेतली नाही," थोरली म्हणाली. "मी रोज दुकान उघडायच्या आधी आरशासमोर दिवसभराची वाक्यं म्हणून बघते. हवेची, मुलांची, सुट्टीची. कुठे हसायचं तेसुद्धा. घरी गेल्यावर अंधार करून पडते, कुणाशी एक शब्द बोलवत नाही. सगळेच असं करतात. मी त्याचा बाऊ केला नाही."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. धाकटी मघापासून खिडकीच्या कडीशी चाळा करत होती. चुकीचं काही कानावर पडलं की तिला गप्प बसवत नसे, मग समोर कुणी का असेना.

"ताई, सगळे नाही करत," ती म्हणाली. "आई नाही करत. बाबाही करायचे नाहीत. तू करतेस."

थोरलीने डॉक्टरीणबाईंच्या भुवयांच्या मध्ये बघितलं. एवढ्यावरून काही ठरत नाही, डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, पण तुमची इच्छा असेल तर तुमचंही बघता येईल.

थोरली उसळली ती धाकटीवरच. तुला सगळ्यांनी फुलासारखं जपलं, मला एकदा तरी कुणी विचारलं का?

"तुला जमायचं," धाकटी म्हणाली.

"जमत नव्हतं गं."

धाकटीला समजूत घालता येत नसे. तिने थोडा विचार केला आणि ती उठली. माझी वेळ अजून संपलेली नाही, उरलेली तू घे, एवढं बोलून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

जन्मभर थोरलीचा डोळा धाकटीच्या वाट्यावर होता. आज तो वाटा न मागता पदरात पडला. डॉक्टरीणबाईंनी पाणी पुढे केलं. सुरुवात कुठूनही करा, म्हणाल्या, आत्ता या क्षणी काही हवंय का?

"ती ट्यूबलाइट बंद करा," थोरली म्हणाली. "आल्यापासून नुसती गुणगुणतेय."