चौथ्या पेल्याची जागा

मी एक जुनी चामडी पेटी आहे. आकाराने एवढीशी, त्यामुळे कुणी मला जेवणाचा डबा समजते, तर कुणी डॉक्टरांची बॅग. मला त्याचे काही वाटत नाही, असे म्हणाले असते. पण चर्चची पेटी पडले, खोटे बोलवत नाही. मला फार राग येतो.

मित्रांनो, माझ्या पोटात द्राक्षरसाची लहान बाटली, भाकरीच्या तुकड्यांची डबी आणि बोटाएवढे चार काचेचे पेले असतात. आजारपणामुळे ज्यांना चर्चमध्ये येता येत नाही, त्यांच्या घरी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मला घेऊन जातात आणि त्यांना प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि रस, देतात. तीन पेले घरच्यांसाठी, चौथा पाळकांचा स्वतःचा. हे नीट लक्षात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवे होते, त्यांनी ठेवले नाही.

मला शिवणारा कारागीर शहाणा होता. "आतून गडद कापड लावू या," असे तो पोटतिडकीने सांगत होता. पण चर्चच्या महिला मंडळाला पांढरी मखमलच हवी होती. पांढरी! द्राक्षरसाच्या पेटीत! पुढे काय होणार, हे माझ्या बिजागऱ्यांनाही कळत होते.

तरी सुरुवातीची वर्षे बरी गेली. तेव्हाचे पाळक प्रत्येक पेला मऊ फडक्याने कोरडा करून जागेवर ठेवत. "किती सुबक पेटी!" असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई. मग ते निवृत्त झाले आणि आत्ताचे पाळकसाहेब आले. माणूस सोन्यासारखा, पण कामाची पद्धत म्हणजे देवा रे देवा! या घरून त्या घरी नुसती धावपळ. पेले जेमतेम विसळून तसेच ओले माझ्यात कोंबायचे. माझे हँडल तुटले, तर तिथे बुटाची नाडी बांधली. माझ्यात कुणाच्या गोळ्या, कुणाचा चष्मा, एकदा तर कुणाच्या नळाचा वॉशर! कुणाचा नळ गळतो, कुणाचा मुलगा रुसून घर सोडतो, कुणा नवरा-बायकोचे बिनसते, बोलवा पाळकांना! "नाही" हा शब्द या गृहस्थांना ठाऊकच नव्हता.

माझ्या मखमलीवर तीन पेल्यांच्या जागी तीन जांभळे डाग पडले. चौथी जागा मात्र पांढरीशुभ्र. कारण बाटली लहान आणि घरे फार. स्वतःच्या पेल्याची वेळ आली की पाळकसाहेब म्हणत, "माझं मागच्या घरी झालंय." मागच्या घरीही ते हेच म्हणालेले असत. तो पेला वर्षानुवर्षे कोरडाच परत आला. आणि मी मूर्ख, त्या स्वच्छ कोपऱ्याचा अभिमान बाळगून बसले होते.

हळूहळू त्यांची प्रार्थना पाठ म्हटल्यासारखी होऊ लागली. एका सकाळी टेबलावर माझ्याशेजारी चहा गार होत असताना ते बायकोला म्हणाले, "मी थकलोय. लोकांसाठी प्रार्थना करतो, पण आत काही हलतच नाही. रविवारी मंडळीला सांगून टाकतो, दुसरा पाळक बघा."

"अहो, देवाशी बोललात का?"

"त्याच्यासमोर बसायला वेळ कुठे आहे?"

ती चहा पुन्हा गरम करायला घेऊन गेली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या कामासाठी एवढे पळता, त्याच्याचसाठी वेळ नाही? पण पेटीला तोंड उघडता येते, बोलता येत नाही.

चहा तसाच टाकून ते निघाले आणि आम्ही शिलाई मावशींकडे पोहोचलो. मावशींनी जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवले होते. आता खुबा मोडल्याने त्या अंथरुणावर होत्या. जीभ मात्र कात्रीसारखी चालू होती. पाळकसाहेबांनी त्यांना भाकर दिली, पेला दिला आणि झाकण लावता लावता सवयीने म्हणाले, "माझं मागच्या घरी झालंय."

"मागचं घर कुठलं? सकाळी पहिले इथेच आलात ना? दूधवाला अजून जिन्यात आहे!"

पाळकसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बसा," मावशी म्हणाल्या.

"मावशी, अजून चार घरं राहिलीत."

"घरं कुठे पळून जात नाहीत. बसा म्हणते ना! वाढणाऱ्याला उपाशी ठेवा, असं प्रभू कधी म्हणाला?"

ते बसले आणि त्यांनी तोंड हातांत झाकून घेतले. "माझ्यात काही उरलंच नाहीये, मावशी."

"मग घ्या की त्याच्याकडून! तुमच्या पदरचं वाटा, असं कुणी सांगितलंय तुम्हाला?"

मावशींनी चौथा पेला उचलला. पाळकसाहेबांनी त्यात जपून रस ओतला. मावशींनी डोळे मिटले. "प्रभू, हा तुझा माणूस. याला वाटतं, तुझं सगळं काम यालाच करायचंय. याला जरा समजाव. आणि जेवू घाल."

पाळकसाहेब हसले आणि हसता हसता रडले. त्यांनी भाकर घेतली, पेला घेतला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "प्रभू, तू मलाही बोलावलं होतंस. मी विसरूनच गेलो होतो." इतक्या वर्षांत त्यांचे खांदे असे सैल झालेले मी प्रथमच पाहिले. त्यानंतर राहिलेली चारही घरे झाली, पण न धावता.

रविवारी ते मंडळीसमोर उभे राहिले. "मी हे काम सोडणार होतो. आता सोडणार नाही. रोज सकाळी मी आधी प्रभूजवळ बसणार आहे. तेव्हा दार वाजवू नका, आणि नळ आपापले दुरुस्त करा!" सगळे हसले. पाळकीणबाई मात्र रुमालाने डोळे पुसत होत्या.

आणि चौथा पेला? तो त्यांनी त्या दिवशी ओलाच माझ्यात ठेवला, सुधारतील तर शपथ. माझ्या शेवटच्या पांढऱ्या जागेवर डाग पडला. एरवी मी आकाशपाताळ एक केले असते. पण त्या डागाइतके सुंदर माझ्यात दुसरे काही नाही.

मित्रांनो, माझे हँडल अजून बुटाच्या नाडीचेच आहे. जुन्या वस्तूंची थोडी काळजी घ्या, एवढे सांगण्याचा मला हक्क आहे. पण माणसांची त्याहून जास्त घ्या. तुमच्या घरी जो सगळ्यांना वाढत फिरतो, त्याला विचारा, "तुझं झालं का?" आणि "माझं मागेच झालंय" असे तो म्हणाला, तर आधी त्याला खाली बसवा.