रेडिओची तहान

"भाऊजी, अहो विहिरीनं तळ दाखवलाय आणि तुम्ही घागर तिकडे ओतता?" ओसरीवरून द्वारकाबाईंनी हटकलं.

संताजी कुंपणाच्या कोपऱ्यात मोहाच्या झाडाखाली वाकून पाणी घालत होते. "वहिनी, रेडिओची तार इथे जमिनीत गेलीय ना. गर्मीत जमीन सूखली की आवाज बराबर येत नाही. थोडं पाणी तर लागतंच."

रेडिओला तहान लागते! सांवेरच्या बाजारात कोणी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. द्वारकाबाई हसल्या नाहीत. गेल्या थंडीत सासूबाई गेल्या आणि त्यांची सोन्याच्या पुतळ्यांची माळ घरातून नाहीशी झाली. ती नातीची, बेबीची, असं सासूबाईंनी चारचौघांत सांगितलेलं. आता ज्येष्ठात बेबीचं लग्न आणि पोरीचा गळा मोकळा. बाप हयात नाही, आणि हा काका एका कोपऱ्याला रोज पाणी घालतो, तिथे कोणाला पाय ठेवू देत नाही. याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?

संताजी होळकरांच्या फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होते. मध्यभारत राज्य झालं, फौज मोडली, तेव्हा ते सरकारी परवाना आणि घरी जुळवलेलं यंत्र घेऊन शेतावर आले. रोज दिवेलागणीला कानाला हेडफोन लावून बसायचे. फौजेतला दोस्त चिंतामण नैरोबीला होता, त्याच्याशी या यंत्रावरून बोलणं व्हायचं.

"गुरुवारी सकाळी दवाखान्यात भरती होतोय बिचारा. ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "तोवर रोज शामच्या वेळेला रेडिओवर भेटू म्हणाला. पण हवाच खराब! नुसती कडकड ऐकू येते."

द्वारकाबाईंना ही बातमीही बनावटच वाटली.

बुधवारी संताजी बॅटरी भरून आणायला पहिल्या बसनं इंदुरला गेले. भर दुपारी, लूचा गरम वारा अंगाला चटके देत असताना, द्वारकाबाईंनी खुरपं घेतलं. आधी ओल धरायला घातलेलं मीठ निघालं, मग कोळसा. मग खणकन आवाज झाला. दोन्ही हातांनी त्यांनी ती वस्तू हिसकून वर ओढली. सासूबाईंच्या फुटक्या घंगाळाचा तळ होता तो, ठोकून सपाट केलेला. त्याला जोडलेली रेडिओची तार त्या हिसक्यानं तुटली होती. त्यांनी घाईघाईनं सगळं परत पुरलं आणि वर पाला पसरला.

संध्याकाळी संताजी यंत्रापुढे बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"कल तर निदान कडकड होती, आज ती पण नाही," ते म्हणाले. "लू चालली की असंच होतं, वहिनी. नाही तर माझी मशीनच भंगार झाली असेल."

त्यांनी वाऱ्याला दोष दिला, यंत्राला दिला, स्वतःला दिला. वहिनींवर त्यांचा संशय गेलाच नाही. त्यांनी तो आपल्यावर घ्यावा, चार शब्द सुनावावेत, असं द्वारकाबाईंना फार वाटलं. पण सांगायचं तर माळेचा संशयही सांगावा लागणार, म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

गुरुवारी ते दुपारचे आडवे झाले तेव्हा द्वारकाबाईंनी पुन्हा उकरलं. तारेची टोकं पदरानं पुसली, घट्ट पिळली आणि स्वतःच्या अंघोळीचं राखलेलं पाणी वर ओतलं.

"वहिनी, आज हवा किती साफ आहे!" दिवेलागणीला संताजी ओरडलेच. "अख्खी दुनिया बोलतेय!" मग, अजून दवाखान्यात गेला नसेल या आशेनं, ते खटके दाबून चिंतामणला हाका मारू लागले. पुष्कळ वेळ मारल्या. शेवटी त्यांनी कानावरचा हेडफोन काढला.

"आज तो दवाखान्यात. ही हवा कल असती, तर भेट झाली असती."

द्वारकाबाईंनी रिकामी घागर उचलली. "उद्या पाणी मी घालू का, भाऊजी?"

"घाला ना. तो परत येईल तेव्हा जमीन ओली पाहिजे."

माळ शेवटपर्यंत सापडली नाही. बेबीच्या लग्नाच्या दिवशी, दिव्यांची आणि पाहुण्यांची धांदल सुरू असताना, मुलीची आई कुठे दिसेना म्हणून शोधाशोध झाली. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती मोहाखाली उभी होती. दवाखान्यात गेल्यापासून चिंतामण रेडिओवर एकदाही बोलला नव्हता.