कोपीतली बाळतीण

निर्ण्याच्या शिवारात राजूबाईसारखी कोप, म्हणजे कडब्याची खोपी, कुणाला घालता यायची नाही. पेंढ्या ती अशा आवळायची, की वाऱ्यालासुद्धा परवानगी मागून आत जावं लागे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा गाव घरांना कुलपं घालून रानात उतरतो, आणि ज्याच्या त्याच्या कोपीत पांडवांचे पाच दगड मांडून लक्ष्मी पुजतो. लग्न होऊन आल्यापासून आपली लक्ष्मी कधी कोपीबाहेर बसली नाही, हे राजूबाई ज्याला त्याला सांगायची. न विचारणाऱ्याला दोनदा.

यंदा तिचा लेक बालाजी हैदराबादेहून पोरं घेऊन मुक्कामालाच आला होता. संगं भगवा तंबू. आदल्या सांजेला कोप झाली, तंबू झाला. सकाळी नात रेणुका बोंबलत आली, "आज्जी, कोपीत कुत्री व्यालीय! चार पिल्लं!"

राजूबाई काठी घेऊनच धावली. दुपारी अख्खी गल्ली जेवायला येणार, आणि लक्ष्मीच्या जागेवर कुत्री!

"हाण की, कामून थांबलीस?" बांधावरून शेजारच्या रानातला शिवशंकरप्पा ओरडला. त्याचा आवाज असा, की तो खोकला तर मन्नाएखेळ्ळीच्या बसमधले लोक खाली उतरायचे. "अक्का, यंदा लक्ष्मी बाहीर व्हय?"

कुत्री गुरगुरली नाही. पिल्लांवर मान टाकून तिनं राजूबाईकडं नुसतं बघितलं.

"तिला हाकललं तर मी जेवनार न्हाई," रेणुका म्हणाली आणि दारात आडवी झाली.

"ऊठ गं! सगळं बाटायलंय."

झाडाखाली तंबाखू मळत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, किशनरावानं, वर न बघताच विचारलं, "बालाजीच्या टायमाला कुटं बसली व्हती लक्ष्मी?"

राजूबाईची काठी हवेतच राहिली.

बालाजी येळवशीलाच झाला होता. कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी जुंपायलाही सवड नव्हती. सासूनं पाचही पांडव आणि लक्ष्मी ओच्यात घेतली, बाभळीखाली नेऊन मांडली आणि सुनेला कोपीत निजवलं. त्या बाभळीखालच्या पूजेचं राजूबाईनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काठी खाली आली. राजूबाईनं पदर खोचला.

"बालाजी, तंबूतलं तुजं सामान काड. लक्ष्मी तितं बसंल. रेणे, दुधात भाकर चुर. बाळतीण हाय ती, आंबट आंबील नगं."

दुपारी भगव्या तंबूत लक्ष्मी अशी शोभली, की लोक पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि भाकरीवर ताव मारायचं सोडून तिलाच बघत राहिले. बाजरीचे उंडे शंभर केले होते, खाणारे दोनशे, उरले दीडशे. हिशेब ज्यानं त्यानं आपला लावावा.

शिवशंकरप्पा खिदळतच आला. "देवी तंबूत, कुत्री महालात!" म्हणत कोपीत वाकला आणि गपकन थांबला.

"अक्का... ही तर आमची चंद्री. तीन दिस झालं हुडकायलोय."

"रानडुकरं हाकलायला रातच्याला डबे बडवायलास, फटाके उडवायलास. पोटुशी कुत्री थांबंल व्हय तुज्याकडं?"

त्यानं हात पुढं केला. चंद्री आता मात्र गुरगुरली.

"पिल्लांचे डोळे उघडोस्तवर न्हाई हलायची," राजूबाई म्हणाली. "रोज दूध घिऊन ये. आन् फटाके बंद."

"व्हय अक्का."

मग आंबील शिंपडत रानाभोवती फिरायची वेळ झाली. दरसाल 'चांगभलं'ची आरोळी अशी उठायची, की पाखरं तालुका बदलायची. राजूबाईनं ओठांवर बोट ठेवलं. बाळतीण निजली होती.

आणि तांब्या घेतलेल्या राजूबाईच्या मागं सगळी गल्ली टाचा उचलून चालली. पुढं पोरं, मागं वहाणा हातात घेऊन शिवशंकरप्पा. ज्याच्या खोकल्यानं बस रिकामी व्हायची, तो लाजऱ्या नवरीसारखा कुजबुजत होता, "चांगभलं... चांगभलं..."

बांधावर चरणारी हरणं जागची हलली नाहीत. राजूबाई त्यांच्या शेजारून अशी गेली, जणू मिरवणूक तिच्याच मानाची होती.

त्या रातीला पोरं लक्ष्मीच्या पायाशी तंबूत निजली. दुसऱ्या दिवसापासून राजूबाई ज्याला त्याला सांगत सुटली, की आमच्यात लक्ष्मी बाळंतिणीला जागा देते, आधीपासूनच. न विचारणाऱ्याला तीनदा.